सोपटाची गाठ

ती माळ्यावर बसली होती आणि मी खालून एकेक वस्तू वर देत होतो. मला तिचे फक्त पाय दिसत होते, भेगा पडलेल्या टाचा, आणि मधूनमधून खाली येणारा हात. वैशाख संपत आला होता. पावसाळ्याच्या चार महिन्यांचं सामान आधीच भरून ठेवायचं, त्याला आमच्या वटार गावात आगोट म्हणतात. आता फारसं कोणी भरत नाही. ती भरायची.

"वाल झाले. आमसुलं द्या."

दिली.

"ही ओली आहेत."

"ओली कशी असतील? तीन दिवस उन्हात होती."

"हात लावून बघितलात?"

बघितला नव्हता. परत अंगणात नेऊन टाकली. वर मीच बसलो असतो तर काम लवकर झालं असतं, पण मला ती वर चढू द्यायची नाही. म्हणायची, तुम्ही भराल म्हणजे वाटेल त्यात वाटेल ते कोंबाल, आणि पुराचं पाणी आल्यावर काड्यापेटी शोधायला मला सगळं पिंप उपसावं लागेल.

पिंप म्हणजे निळं प्लास्टिकचं, कमरेएवढं. खाली तांदूळ, त्यावर डाळ, वाल, पोहे, गूळ. सुके बोंबील आणि सोडे वेगळ्या घट्ट डब्यात, नाहीतर सगळ्याला वास. आमच्याच केळ्यांची सुकेळी, पानात बांधलेली. मेणबत्त्या, काड्यापेट्या, बॅटरी, रेशनकार्ड आणि सातबारा दुहेरी पिशवीत. एक मोठा खडा तुरटीचा. पूर ओसरला की विहिरीचं पाणी गढूळ असतं, त्यात फिरवायला. ज्याची गरज आधी पडणार ते सगळ्यात वर, हा तिचा नियम.

तांदळाच्या वेळी मी चिडलो होतो. वर देऊन देऊन खांदे भरून आले.

"आपण दोन माणसं. एवढा तांदूळ कोणासाठी?"

"येतं कोणीतरी."

"कोण येतं? पोटचा पोरगा यायला तयार नाही, आणि म्हणे कोणीतरी येतं. उगाच मेहनत करायची नि करवायची."

तिनं पाय तेवढे वर घेतले. थोड्या वेळानं वरूनच म्हणाली, "माझ्या गोळ्या संपल्यात हो. बाजारात गेलात की आणा."

"आणतो," म्हणालो.

मग तिनं झाकणावर फडकं घातलं आणि सोपटानं बांधलं. सोपट म्हणजे केळीच्या खांबाची वाळलेली पट्टी. आम्ही वाडीवाले नायलॉनची दोरी घरात असली तरी सोपटच घेणार. ती रात्रभर बादलीत भिजवून ठेवायची, ओलं असताना तीन फेरे मारून गाठ द्यायची. वाळलं की ती गाठ अशी आवळते की उंदराच्या दातालाही दाद देत नाही. गाठ मारून ती शिडीवरून उतरली. मी शिडी धरली होती. उतरताना माझ्या डोक्यावर हात टेकला तिनं, आधारासाठी. तेवढंच.

दहाव्या दिवशी सकाळी तिच्या छातीत कळ आली. पाठीमागच्या चाळीत एक रिक्षावाला राहतो, त्याला हाका मारल्या. तो बनियनवर धावत आला. आम्ही दोघांनी तिला रिक्षात बसवलं. दवाखाना यायच्या आत तिची मान माझ्या खांद्यावर पडली. गोळ्या मी आणल्या नव्हत्या. बाजारात दोनदा गेलो होतो. एकदा विसरलो, एकदा दुकानात गर्दी होती. हे मी पोराला सांगितलं नाही. इथे पहिल्यांदा लिहितोय.

पोरगा एव्हरशाईन सिटीत राहतो, चौथ्या मजल्यावर. दिवस झाल्यावर म्हणाला, "बाबा, आता इकडे चला. दर पावसात घरात पाणी येतं तिथे. काय ठेवलंय?"

"तुझ्या आईनं पिंप भरून ठेवलंय."

"त्यातलं सामान वाटून टाकू. आमच्याकडे मोबाईलवर दहा मिनिटांत सगळं घरी येतं."

मी म्हटलं, पिंपाला हात लावायचा नाही. जोरात बोललो असणार, कारण सून स्वयंपाकघरातून बाहेर आली. त्यानंतर कोणी विषय काढला नाही.

मी स्वतःही हात लावला नाही. ती गाठ तिची उरलेली शेवटची गोष्ट होती. तिचं लुगडं धुतलं गेलं, अंथरूण गुंडाळलं गेलं, स्वयंपाकघरातले डबे सुनेनं इकडचे तिकडे केले. एवढी गाठच तिच्या हातची तशीच होती. मी सकाळी पाव आणायचो, दूध आणायचो, त्यावर दिवस काढायचो. तिच्या माणसाला चार महिने पुरेल एवढं वर भरलेलं, आणि खाली मी चहा-पाव खात होतो. माझ्या स्वतःच्या प्रेशरच्या गोळ्याही बंद केल्या होत्या. संपल्या, मग आणल्या नाहीत. म्हटलं, तिला नाही मिळाल्या, मला कशाला.

श्रावणात पाऊस तीन दिवस धरून बसला. पूर्वी आमच्याकडे असा पाऊस पडला तरी पाणी बावखलात जायचं. बावखल म्हणजे वाडीतलं तळं, शिंपण्यासाठी खणलेलं. आमच्या पाठीमागचं बावखल चुलत्यांनी बुजवलं आणि तिथे ती चाळ उठली. पाण्याला कोणी कळवलं नाही. ते आपल्या जुन्या जागी येतं.

आमच्या ओट्याला पाच पायऱ्या आहेत. माझ्या आईचा नियम होता, तोच हिनं चालवला: तिसरी पायरी बुडाली की आगोट उघडायची. तिसरी बुडाली म्हणजे रस्त्याला कंबरभर पाणी, बाजार बंद. त्याच्या आधी पिंपाला हात लावायचा नाही, आणि त्याच्या नंतर वाट बघायची नाही.

त्या दिवशी सकाळी नऊला पहिली पायरी गेली. वीज तर आदल्या दिवसापासूनच नव्हती. अकराला पोराचा फोन आला.

"बाबा, ठीक आहात ना? इथे खाली गाड्या बुडाल्यात. पंप बंद, नळाला पाणी नाही. बिस्किटं खाऊन बसलोय."

"मागव की मोबाईलवरून."

बोलून गेलो आणि मला वाईट वाटलं. म्हटलं, "बादल्या काढ, गच्चीत पावसाचं पाणी धर. आई करायची तसं."

"हो," म्हणाला. मग फोन कट झाला.

दुपारी तिसरी पायरी गेली. मी ओट्यावर बसून बघत होतो. उठलो नाही.

तेवढ्यात पाण्यातून रिक्षावाला येताना दिसला. पाठीवर त्याची म्हातारी आई, मागे बायको डोक्यावर गाठोडं घेऊन. त्याच्या खोलीत छातीएवढं पाणी शिरलं होतं.

"काका, आईला जरा ठेवून घ्या."

"आईला कशाला, तुम्ही पण या."

म्हातारीला बाकावर बसवलं. ती घाटावरची, तोंडानं तिखट. पदर पिळता पिळता घर न्याहाळून घेतलं.

"चूल हाये, माणूस हाये, आन चहाचा घोट नाही व्हय?"

"दूध आलं नाही आज."

"मग खायाला काय हाये?"

"घरात काही नाही," मी म्हणालो.

असं मी म्हणालो. ज्या माणसानं माझ्या बायकोला उचलून रिक्षात ठेवलं, त्याची आई समोर उपाशी, आणि मी म्हणालो काही नाही. म्हातारीची नजर वर गेली.

"त्या पिंपात काय हाये?"

"ते माझ्या बायकोचं आहे."

"आई, गप," रिक्षावाला म्हणाला. ती कशी गेली, त्याला माहीत होतं.

म्हातारी गप बसणारी नव्हती. माझ्याकडे बघत राहिली, मग हळू आवाजात म्हणाली, "बायकोचं हाये तर तिला इचारा. मला इचारलंत तर मी हो म्हनीन, मला भूक लागलीया."

मी कोयता घेतला आणि शिडी चढलो. शिडी रिक्षावाल्यानं धरली. वर गेलो आणि पिंपापुढे बसलो, ती बसायची तिथेच. कोयता सोपटाला लावला. एक झटका दिला असता तर झालं होतं. केळीचे घड तोडण्यात जन्म गेला माझा, कोयता कधी थरथरला नाही. तिथे हात चालेना. नखांनी गाठ सोडवायला बघितली. दगड झाली होती. अंगठ्याचं नख तुटलं.

"काय झालं?" खालून म्हातारी.

"गाठ सुटत नाही."

"सोपट हाये ना ते? मग पानी लावा. जन्म गेला म्हनं केळीत!"

खरंच विसरलो होतो. कौलांतून गळत होतं, तिथे ओंजळ धरली आणि गाठीवर ओतली. पुन्हा धरली, पुन्हा ओतली. थोडा वेळ थांबलो. सोपट मऊ पडलं, फुगलं, आणि गाठ माझ्या बोटांत आपोआप ढिली आली. तोडावी लागली नाही. मी ते सोपट गुंडाळून सदऱ्याच्या खिशात ठेवलं.

झाकण उचललं. सगळ्यात वर एक प्लास्टिकची पिशवी होती, रबर लावलेली. आत गोळ्या. माझ्या प्रेशरच्या. चार महिन्यांच्या, मोजून. तिच्या गोळ्यांची एकही पट्टी नव्हती. मी पिशवी उलटी करून बघितली, पिंपात हात घालून चाचपलं. नव्हती. माझ्या गोळ्या तिनं कधी आणल्या मला माहीत नाही. स्वतःच्या तेवढ्या मला आणायला सांगितल्या होत्या.

मी किती वेळ बसलो कोण जाणे. खालून आवाज आला, "का हो, वरच ऱ्हायला गेलात का काय?"

"आलो," म्हणालो. पिशवी खिशात, सोपटाशेजारी ठेवली.

मग मी एकेक वस्तू खाली देत गेलो आणि रिक्षावाला घेत गेला. तांदूळ, डाळ, बोंबलांचा डबा, काड्यापेटी. त्याच्या बायकोनं शेगडी बाकावर ठेवून मऊ भात केला, बोंबील भाजले. म्हातारीनं दोनदा भात घेतला. जेवताना म्हणाली, "किती जनांचा भरला व्हता हो तांदूळ?"

"येतील त्यांचा," मी म्हणालो.

पाणी चौथ्या पायरीला लागून थांबलं. संध्याकाळी उतरायला लागलं.

सकाळी उजाडलं तेव्हा पायऱ्यांवर चिखलाचा थर होता आणि पाऊस नव्हता. ते तिघं अजून झोपले होते. मी विहिरीतून एक बादली काढली, तुरटी फिरवली, पाणी निवळायला ठेवलं. पोराला फोन लागला. म्हटलं, रस्ता उघडला की सगळ्यांना घेऊन ये, तांदूळ आहे, आणि तुमच्या घरातल्या सगळ्यांच्या गोळ्यांची नावं लिहून आण, सुनेच्याही. "कशाला बाबा?" म्हणाला. मी म्हटलं, ये, मग सांगतो. त्याला गोळ्यांचं सांगायचंच आहे आता.

मग पिशवीतली एक गोळी काढली आणि काळ्या चहाबरोबर घेतली.

वाडीत सात केळी आडव्या झाल्या होत्या. नवी सोपटं मिळाली असती, पण मी खिशातलंच काढलं. बादलीत बुडवलं, माळ्यावर चढलो, उरलेलं सामान नीट लावलं, काड्यापेटी वर ठेवली. झाकण, फडकं, तीन फेरे. गाठ मारली. तिच्यासारखी बसली नाही, सैल आली. एकदा सोडून परत मारावी असं वाटलं. मग राहू दिली. खाली म्हातारी उठली होती आणि चहा मागत होती.