भंडारा उचललेला माणूस

देवावर माझा राग नाही. राग आहे तो माणसाला देवापुढं उभं करून त्याच्या हातात बेल-भंडारा देणाऱ्यांवर. "उचल, आन् म्हण, आजपासनं दारूला शिवणार न्हाय!" आमच्या भागात घरातला माणूस पिऊन पिऊन वाया गेला की हा शेवटचा उपाय. बेलाच्या पानासकट हळदीची ती मूठ उचलली की शपथ पक्की. मोडली की देव कोपला, घराचं वाटोळं झालं. मला दारू सोडून कैक वर्षं झाली. एवढ्या वर्षांत या शपथेनं सुटलेला माणूस मी बघितलेला नाही. तिनं मोडलेले मात्र बघितलेत.

मंगळवार पेठेतल्या एका शाळेत दर गुरुवारी संध्याकाळी आमची बैठक भरते. दारू सोडलेले आणि सोडू बघणारे, असे आम्ही सगळे. वर्गाची किल्ली माझ्याकडं, चहाही माझ्याकडं. सगळे मला मामा म्हणतात. कोण म्हणतं, मामा, केवढी सेवा करता! सेवा कसली डोंबलाची? दुसऱ्यासाठी चहा उकळत बसलं की आपली तलफ आवरते, एवढं साधं गणित आहे. हे काम हातात नसतं तर मी केव्हाच परत गुत्त्यावर दिसलो असतो.

तिथं हुपरीहून एक जण यायला लागला. चांदीकाम करणारा. घरातच कारखाना, पैंजणांना घुंगरू जोडायचं काम. हात कापायला लागले की घुंगरू जागेवर बसत नाही, म्हणून प्यायचा, आणि प्यायचा म्हणून हात कापायचे. एसटीनं यायचा आणि मागच्या बाकावर अंग चोरून बसायचा. पुढं पुढं हसायला लागला, कपबशा विसळायला लागला. आपल्या गावातल्या एकदोघांना समजावून घेऊनही आला. मला तो फार आवडायचा, सांगूनच टाकतो. पोटच्या पोरासारखा.

मग जत्रेत पाहुणेमंडळींत घसरला. घसरतात माणसं. परत येतात, आम्ही चहा देतो, विषय संपला. तोही आला, पण तळहात पिवळाधमक. म्हणाला, "मामा, थोरल्या भावानं भंडारा उचलाय लावला. आता कायमचं सुटलं बघा!"

माझं डोकंच फिरलं. "कायमचं म्हणू नगंस, खुळ्या! आजचा दिवस म्हण. उद्याचं उद्या बघू."

तो हसला. "तुमचं रोज रोज हाय मामा. माझं एकदाच झालं की."

आता याला काय सांगायचं? आमच्यात आज मोडला तर उद्या नवा दिवस असतो. भंडाऱ्याला उद्या नसतो. मोडला तो मोडलाच. मी आणखी बोलणार होतो, पण त्याचा चेहरा एवढा उजळलेला होता की जीभ उचलली नाही.

थोडे दिवस आला. मग यायचा थांबला. फोन वाजायचा, उचलायचा नाही. काय झालं असेल ते सांगायला ज्योतिषी नको. आमच्यात दंडक आहे, पिणाऱ्याच्या घरी एकट्यानं जायचं नाही, दोघांनी जायचं. म्हणून शाहूपुरीत गाड्यांच्या सीटा शिवणारे आमचे चाचा बरोबर घेतले. तेही आमच्यातलेच, माझ्या आधीपासून सुटलेले. भर दुपारी आम्ही हुपरीत उतरलो. गल्लीत घराघरातून ठोकाठोकीचा आवाज येत होता. त्याच्या घरातून नव्हता.

बायको दारात आली. डोळे सुजलेले. "आतल्या खोलीत कोंडून घेतलंय मामा. जेवत न्हाईत, कुणाला आत घेत न्हाईत."

मी दार वाजवलं. "अरं, मी आलोय. उघड. दवाखान्यात जाऊया आधी, मग बघू काय ते."

मग आतून म्हणाला, "मामा, जावा तुम्ही. मी भंडारा मोडलाय."

"मोडू दे की! बैठकीला चल."

"न्हाय. देव कोपलाय माझ्यावर. मी तिथं पाय ठिवला तर तुमा सगळ्यांवर येईल त्ये. तुमची समद्यांची दारू परत चालू हुईल. त्या खोलीला माझा विटाळ नको."

मला वाटलेलं, लाजतोय. तसं नव्हतं. तो आम्हाला वाचवत होता! आमच्याकडून तो जे शिकला होता, दुसऱ्याचा विचार आधी करायचा, तेच तो दाराला कडी लावून पाळत होता.

चाचा दाराला तोंड लावून म्हणाले, "बेटा, देव काय तुझ्या-माझ्याएवढा कोता हाय व्हय रं?" आम्ही ऊन उतरेपर्यंत उंबऱ्याशी बसलो. मी रागावलो, विनवण्या केल्या, शेवटी रडलोसुद्धा. दार उघडलं नाही.

पुढं एका सकाळी त्याच्या बायकोचाच फोन आला. ती नुसतं "मामा" म्हणाली आणि मला कळलं.

त्यानंतर बैठकीत मला धड बसवेना. कुणी उशिरा आलं की मी दचकून बघायचो. फळ्यावर खडू चालला तरी मला आतून कडी सरकल्यासारखं वाटायचं. झोपेतही मी दार वाजवत असायचो. बायको म्हणाली, "सोडा आता ती किल्ली, तब्येत बघा." सोडून करू काय?

एका गुरुवारी मी पाठमोरा चहा गाळत होतो. मागून आवाज आला, "मामा." हुबेहूब त्याचा आवाज! वळून बघितलं तर त्याचा थोरला भाऊ, मयतीत बघितलेला. जाडजूड, मान खाली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. शिव्या अगदी ओठांवर आलेल्या.

तो म्हणाला, "मामा, त्याला भंडारा उचलाय लावला, त्या दिवशी मी सोताच पिऊन हुतो. वास यिऊ नये म्हणून तोंडात तंबाखूचा मावा धरलेला. त्यो पाया पडला माझ्या, थोरला म्हणून." मग तिथंच बाकावर बसला आणि म्हणाला, "मलाबी सुटत न्हाय. सांगा, कुठल्या देवाचा उचलू?"

माणसानं काय करावं अशा वेळी? त्याला बाहेर काढायला माझे हात शिवशिवत होते. पण आमचा दुसरा दंडक, येणाऱ्याला परत पाठवायचं नाही. ते माझ्या मर्जीवर सोडलेलं असतं तर मी नक्की पाठवला असता.

"कुठलाबी उचलायचा न्हाय," मी म्हणालो. "आज झोपंस्तवर प्यायचं न्हाय. एवढंच. धर, चहा घे."

तो आता दर गुरुवारी येतो. मला तो आवडत नाही. आवडायलाच पाहिजे असंही कुठं लिहिलेलं नाही. शेजारी बसतो त्याच्या, फोन केला की उचलतो, एकदा चाचांबरोबर त्याच्या घरीही जाऊन आलो. फक्त त्याची बोलायची पाळी आली की माझे डोळे आपोआप मिटतात. "आज प्यालो न्हाय," तो म्हणतो, त्याच आवाजात. तेवढा वेळ धाकटा दार उघडून बाहेर आलेला असतो. मग मी डोळे उघडतो, तर थोरला असतो.