भित्र्या पाळकाचं पहिलं वर्ष

आमच्या मंडळीत पाळकाचा किस्सा पसरायला व्हॉट्सॲप लागत नाही. उपासना संपते, लोक जिन्यात चपला शोधायला लागतात, आणि शेवटच्या माणसाला चप्पल सापडेपर्यंत मी आज काय घोळ घातला हे खालच्या झेरॉक्सवाल्यालासुद्धा कळलेलं असतं. वर्षभरात इतके किस्से साठले, की दुसऱ्या कुणी मीठमसाला लावून सांगण्याआधी आपणच सांगून टाकलेले बरे!

मी गारखेड्यातल्या एका छोट्या ख्रिस्ती मंडळीचा पाळक, म्हणजे पाद्री. नगरकडून बदलून आलो तेव्हा पंचांनी, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडीलधाऱ्यांनी, स्वच्छ सांगितलं होतं, "एक वर्ष बघू. पटलं तर ठेवू. नाही पटलं तर वार्षिक सभा काय ते ठरवील."

पंचांच्या प्रमुख साळवेबाई. गंगापूर तालुक्यात शाळेच्या हेडमास्तरीण होत्या, आता रिटायर झाल्यात. पण आवाज अजून ड्यूटीवर आहे. पहिल्याच दिवशी त्या मला म्हणाल्या, "साहेब, आमाला धीट माणूस पायजे. आधीचे साहेब लई मवाळ होते."

मी छाती पुढे काढून म्हणालो, "बाई, प्रभू सोबत असताना भ्यायचं कुणाला?"

माझी बायको रूथ शेजारीच उभी होती. आदल्याच दिवशी नव्या घरातल्या पालीमुळे मी पलंगावर चढून बसलो होतो. ती नुसतीच खोकली.

*

पहिला रविवार. संदेशासाठी, म्हणजे प्रवचनासाठी, मुद्दाम बायबलमधला दानीएल निवडला. गुहा, सिंह, आणि मध्ये तो एकटा देवाचा माणूस! मला रंग चढला होता. "सिंह समोर आला," मी गरजलो, "पण दानीएल तसूभरही हलला नाही!"

तेवढ्यात जिन्यातून एक कुत्रं वर आलं. साधं गल्लीतलं, पिवळं. मधल्या वाटेनं शांतपणे चालत थेट व्यासपीठाकडे निघालं.

मी संदेश थांबवला नाही, हे मात्र खरं. फक्त पुढचा सगळा संदेश मी खुर्चीवर उभा राहून दिला. लोकांना आधी वाटलं, ही नगरकडची पद्धत असेल.

साळवेबाई उठल्या, कुत्र्याला कानाला धरून जिन्यापर्यंत नेलं, परत येऊन जागेवर बसल्या, पदर नीट केला आणि म्हणाल्या, "उतरा साहेब. सिंह गेला."

*

पावसाळ्यात गायकवाडकाकांचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं. काका फार घाबरले होते. गायकवाडकाकूंचा फोन आला, "साहेब, जरा येऊन धीर द्या ह्यांना. रात्रभर डोळ्याला डोळा नाय."

धीर द्यायला मी एका पायावर तयार! दवाखान्यात पोचलो. काकांचा हात हातात घेतला, मेंढपाळाचं स्तोत्र वाचलं, आणि आता प्रार्थनेला सुरुवात करणार, तोच एक नर्स रक्त घ्यायला आली. तिनं काकांच्या दंडाला रबर बांधलं, सुई काढली...

पुढचं मला आठवत नाही.

डोळे उघडले तेव्हा मी काकांच्या पलंगावर आडवा होतो. उशाला स्टुलावर काका बसले होते, त्यांचा हात माझ्या कपाळावर, आणि ते खड्या आवाजात माझ्यासाठी प्रार्थना करत होते. "प्रभू, तुझा हा सेवक लई घाबरलाय. याला बळ दे!" शेजारच्या तिन्ही पलंगांवरचे पेशंट हात जोडून बसले होते.

काकू माझ्या तोंडावर पाणी शिंपडत म्हणाल्या, "घाबरू नका, साहेब. ऑपरेशन उद्या ह्यांचं हाय, तुमचं नाय!"

काका दुसऱ्या दिवशी हसत ऑपरेशनला गेले. डॉक्टरांनी विचारलं, भीती वाटते का? तर म्हणाले, "काल वाटत होती. पण आमच्या साहेबांना बघितल्यापासून नाय वाटत." माझ्या सेवेचं हे पहिलं फळ, असं मी घरी सांगितलं. रूथनं मला लिंबूपाणी दिलं.

*

कापणीच्या सणाला आमच्याकडे लोक शेतातलं, घरातलं, जमेल ते देवाला आणतात. ज्वारी, भोपळे, कोंबड्या, लोणच्याच्या बरण्या. उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. रीत अशी, की ज्यानं बोली जिंकली त्याला ती वस्तू पुन्हा देवाला द्यायचीही मोकळीक असते.

यंदा गंगापूरहून एका कुटुंबानं बकरं आणलं. काळं, तुकतुकीत, गळ्यात झेंडूची माळ. ते जीपमधून कसं आणलं आणि दोन जिने वर कसं चढवलं, हे त्यांनाच ठाऊक. त्याला व्यासपीठाच्या पायाशी बांधलं.

मी अर्पणांवर प्रार्थना सुरू केली. धैर्याचा पाळक म्हटल्यावर प्रार्थनाही दणदणीत हवी. देश, राज्य, जिल्हा, तालुका असं करत मी डोळे मिटून बराच लांब गेलो. आमेन म्हणून डोळे उघडले, तर व्यासपीठावर संदेशाचे कागद नव्हते. बकऱ्याच्या तोंडाबाहेर शेवटच्या मुद्द्याचं एक टोक दिसत होतं.

आठवेल तेवढा संदेश दिला. फारच थोडा आठवला. लोक जेवायला वेळेत पोचले.

लिलावात त्या दिवशी सगळ्यात मोठी बोली त्या बकऱ्यावर लागली. घेतलं काळेमामांनी. हे आमचे कोषाध्यक्ष, एरवी भोपळ्यावरही घासाघीस करणारे. बोली जिंकल्यावर ते उभे राहिले आणि भरल्या आवाजात म्हणाले, "हे बकरं मी परत देवाला देतो. अट एकच. दर रविवारी ते तिथंच बांधायचं!"

*

ही झाली थट्टा. पण जानेवारीत खरंच संकट आलं. आम्ही उपासना करतो तो हॉल भाड्याचा. मालक जाधवशेठ, त्यांचं गुलमंडीवर कापडाचं दुकान. कुणीतरी बातमी आणली, की एका क्लासवाल्याला रविवारी तोच हॉल हवा आहे. हॉल गेला तर मंडळी बसणार कुठे? पंचांनी एकमतानं ठरवलं, पाळकसाहेबांनी जाऊन शेठशी ठणकावून बोलायचं.

मी गेलो. गादीवर बसलेले जाधवशेठ भरघोस मिशांचे. मिशीतूनच म्हणाले, "बोला साहेब, काय पाहिजे?"

मी म्हणालो, "टॉवेल."

घरी आल्यावर रूथनं पिशवीत डोकावून बघितलं. "काय म्हणाले शेठ?"

"आज गर्दी होती गं."

पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो. वाटेत वाक्य पाठ केलं होतं. "शेठ, हा प्रश्न तत्त्वाचा आहे!" शेठनी मिशीवरून हात फिरवला आणि मी निळ्या काठाचे टॉवेल घेऊन परत आलो. त्याच्या पुढच्या आठवड्यात हिरव्या काठाचे. कपाट भरलं. रूथ म्हणाली, "मोशेसुद्धा आपल्या लोकांना सोडवायला फारो राजाकडे पुन्हा पुन्हा गेला होता. पण तो काही टॉवेल घेऊन आला नाही."

ते लागलं मला. दुसऱ्या दिवशी मी दुकानात शिरलो आणि उभ्या उभ्याच डोळे मिटून बोललो, "शेठ, टॉवेल नकोत! आमचा हॉल काढून घेऊ नका!"

शेठ चकित झाले. "अहो, कोण काढतंय? त्या क्लासवाल्याला मी पहिल्याच दिवशी नाय म्हणून सांगितलं. देवाचं चाललंय तिथं, मी कशाला मधी पडू?" मग थोडं थांबून म्हणाले, "पण साहेब, मग एवढे टॉवेल? मला वाटलं, ते तुमचं पाय धुवायचं असतंय ना ईस्टरच्या आधी, त्याची तयारी चाललीय. म्हणून मी तुम्हाला जाडच देत होतो."

मग पवित्र गुरुवारी आमच्याकडे पाय धुण्याचा विधी झाला तेव्हा प्रत्येकाला कोरा टॉवेल मिळाला, आणि तो घरीही नेऊ दिला. साळवेबाईंनी काठ निरखून विचारलं, "तीन रंग कसे काय?" रूथ पुन्हा खोकली.

*

त्या गुरुवारच्या आधीचा रविवार, म्हणजे प्रभूच्या शहरप्रवेशाचा झावळ्यांचा रविवार, मी खरं तर सांगणार नव्हतो. पण बँडवाल्यांनी तो किस्सा आधीच सगळीकडे सांगितला आहे.

त्याआधीच्या रविवारी मी नेतृत्वावर बोललो होतो. नांगराला हात घातला की मागं बघायचं नाही! पुढारी पुढं चालतो, मंडळी आपोआप मागं येते! झावळ्यांच्या रविवारी उपासनेनंतर गारखेड्यात आमची फेरी निघाली. हातात झावळ्या, ओठांवर गाणी, आणि सगळ्यांच्या पुढं मी. मागं न बघता.

एका चौकानंतर अचानक मागून बँड सुरू झाला. ताशा, ट्रम्पेट, सगळं! मला गहिवरून आलं. म्हटलं, तरुण संघानं न सांगता बँड बोलावला! मी झावळी उंच केली, पावलं ठेक्यात टाकली. रस्त्याच्या कडेचे लोक बघत होते. एका गृहस्थानं पुढं होऊन माझ्या डोक्याला गुलाबी फेटा बांधला. तोही मी नम्रपणे बांधून घेतला.

मंगल कार्यालयाच्या दारात एक बाई औक्षणाचं ताट घेऊन उभी दिसली, तेव्हा कुठे मी मागं वळून पाहिलं. मागं घोडा. घोड्यावर नवरदेव.

बँडमास्तर ट्रम्पेट काढून हळूच म्हणाला, "फादरसाब, आपके लोगां तो पिछले चौक में मुड़ गए ना!"

धापा टाकत, फेट्यासकट मी हॉलवर पोचलो. साळवेबाई जिन्यातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "साहेब, प्रभू गाढवावर बसून आला. तुमी कुठं घोड्यापुढं नाचत गेलता?"

*

मे महिन्यात वार्षिक सभा भरली. माझं वर्ष संपलं होतं.

खरं सांगतो, मला जायचं नव्हतं. या माणसांचा लळा लागला होता. आमच्या मुलांनाही इथं करमायला लागलं होतं. पण आदल्या आठवड्यात जिन्यात दोघांना बोलताना ऐकलं होतं, "माणूस चांगलाय. पण पुढं चालणारा जरा धीट पायजे." त्यात चुकीचं काय होतं? मला रात्री वाटायचं, या लोकांना माझ्यापेक्षा बरा मेंढपाळ मिळायला हवा. आणि सकाळी वाटायचं, प्रभू, तो मिळू नये.

आमच्याकडे पाळकाबद्दलचं मत डोळे मिटून घेतात. कुणाला कुणाची भीड पडू नये म्हणून. ज्यांना पाळक बदलायचा असेल त्यांनी उभं राहायचं. डोळे उघडे फक्त प्रमुख पंचांचे. पाळकानं पुढच्या रांगेत बसायचं, आणि त्यानंही डोळे मिटायचे.

साळवेबाई उभ्या राहिल्या. "ज्यांना वाटतं, या मंडळीला दुसरा, जरा धीट पाळक पायजे, त्यांनी उभं राहावं."

मी डोळे घट्ट मिटले. कान टवकारले. एकही खुर्ची वाजली नाही. वर पंखा तेवढा फिरत होता.

मला वाटलं, भिडस्त आहेत बिचारे. वर्षभर माझ्या घरी जेवले, मी त्यांच्या घरी जेवलो. पहिलं उठायचं कुणी, हाच प्रश्न असणार. अशा वेळी कुणाला तरी सुरुवात करावी लागते. आणि सुरुवात करणं हे पुढाऱ्याचं काम.

मी उभा राहिलो.

मग साळवेबाई म्हणाल्या, "उघडा डोळे."

मी उघडले. मागं वळून पाहिलं. सगळी मंडळी खाली बसलेली होती आणि माझ्याकडे बघत होती. गायकवाडकाका, काळेमामा, ती जिन्यातली दोन माणसंसुद्धा. रूथ माझा शर्ट धरून खाली ओढत होती.

साळवेबाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला.

"बसा साहेब," त्या म्हणाल्या. "पाळकाला मत नसतंय."