लातूरच्या घरचा फॉल्ट

दादांनी लातूरला एकटं राहायचं तर घरात नेट आणि कॅमेरा चालू पाहिजे, ही अट माझी. दादा म्हणजे वडील, आमच्याकडे वडिलांना दादाच म्हणतात. आई गेल्यापासून मी त्यांच्या मागे लागले होते की नांदेडला चला, विष्णुपुरीला मी शिकवते त्या कॉलेजजवळ नवं घर घेतलंय, खालची खोली रिकामीच आहे. ते ऐकायला तयार नव्हते. मी चिडायचे, ते हसायचे, मी आणखी चिडायचे. शेवटी तह झाला. बैठकीत एक कॅमेरा राहील, मी नांदेडहून मोबाइलवर दिवसातून चार-पाच वेळा बघेन, आणि ज्या दिवशी नेटचा भरवसा उरणार नाही त्या दिवशी दादा बॅग भरून माझ्याकडे येतील. "मंजूर," दादा म्हणाले. सगळी नोकरी त्यांनी टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून केली होती. स्वतःच्या घरची लाइन बंद पडेल हे त्यांच्या डोक्यातही आलं नसेल. माझ्याही आलं नाही.

फेब्रुवारीत नेट जायला लागलं. दिवसभर सुरळीत चालायचं आणि अकराच्या आत-बाहेर कॅमेरा बंद पडायचा. दोन तासिकांच्या मधल्या सुट्टीत मी स्टाफरूममध्ये मोबाइल उघडला की काळा पडदा आणि त्यावर फिरणारं चक्र. दादांच्या मोबाइलवर फोन लावायचा तर रिंग वाजून वाजून थांबायची. साधा फोन, त्याला नेट लागत नाही, तरी उचलायचे नाहीत. मग पावणेबाराच्या सुमाराला चित्र परत यायचं. दादा पलंगावर बसून पेपर वाचत असायचे. तेव्हा फोन लावला तर पहिल्या रिंगला उचलायचे.

"दादा, नेट गेलं होतं."

"कधी गं? हितं तर समदे दिवे हिरवे हायत."

"आणि फोन का नाही उचलला?"

"वाजलाच न्हाई की माय."

भीती वाटली की मला राग येतो, हा माझा जुना रोग आहे. पहिला आठवडा मी तो सगळा केबलवाल्यावर काढला. हा केबलवाला माझ्याच वयाचा, कानाशी केस पांढरे झालेला, बोलायला मऊ. लातुरातल्या आमच्या सगळ्या गल्लीचं नेट त्याच्याकडून. तो रोज यायचा, पण तो पोचेपर्यंत नेट आलेलं असायचं. डॉक्टरच्या दारात गेलं की दात दुखायचा थांबतो, तसं.

दादांना मात्र हुरूप आला. आई गेल्यापासून इतका हुरूप मी त्यांच्या आवाजात ऐकला नव्हता. फॉल्ट काढायची त्यांची एक रीत होती. औशाच्या लाइनवर बिघाड झाला तर ते एका टोकापासून एकेक खांब तपासत जायचे नाहीत. सरळ मधल्या खांबावर चढायचे, तिथं लाइन सोडवून दोन्ही अंगांना टेस्ट करायचे. जे अंग चांगलं निघेल ते सोडून द्यायचं आणि उरलेल्याचं पुन्हा निम्मं करायचं. "निम्मं करत जायचं, फॉल्ट आपोआप कोपऱ्यात येतो," असं ते नव्या पोरांना शिकवायचे. आता त्यांनी एक वही घातली. रोजची वेळ मी नांदेडहून सांगायची, त्यांनी लिहून घ्यायची, आणि केबलवाल्याला कामाला लावायचं.

त्यांनी आधी केबलवाल्याच्या ऑफिसपासून आमच्या खांबापर्यंतचं अंग तपासायला लावलं. ते चांगलं निघालं, कारण त्याच खांबावरच्या बाकीच्या घरांचं नेट जात नव्हतं. वहीत त्यावर काट बसली. मग खांबावरचा जॉइंट नवा केला. दुसऱ्या दिवशी अकराला नेट गेलं. खांबापासून घरापर्यंत नवी वायर ओढली, तरी गेलं. एव्हाना दादा केबलवाल्याची टिंगल करायला लागले होते. "काखेत कळसा अन् गावाला वळसा चाललाय ह्याचा," ते मला फोनवर म्हणाले. "खांबावर चढून राहिलाय, अन् खराबी घरातल्या डब्यात असंल." म्हणून मग मोडेमचा डबा बदलला, त्याच्याशेजारचा राउटर बदलला, दोन्हींचे ॲडॅप्टर बदलले. प्रत्येक काट मारल्यावर दादा खूश व्हायचे. "अजून निम्मं झालं," म्हणायचे. मी मात्र प्रत्येक काटेनंतर दादांना दिवसातून एक फोन जास्त करायला लागले. बिघाड बाहेर रस्त्यावर होता तोवर मला बरं वाटत होतं. आता तो खांबावरून उतरून दारातून आत आला होता.

मार्चमध्ये एका सकाळी केबलवाल्याचा मला फोन आला. त्यानं आधी विचारलं, "मॅडम, दादा लाइनवर न्हाईत ना?"

मी म्हणाले, नाहीत.

"एक सांगतो, गैरसमज करून घेऊ नका. लाइन तुटली तर डबा गप मरतो, आम्हाला काय कळत न्हाई. पण डब्याची वीज बंद झाली की मरता मरता तो आमच्या ऑफिसला एक सिग्नल पाठवतो. डाइंग गॅस्प म्हणतात त्याला. शेवटचा श्वास म्हणा. दादांच्या डब्याचा रोज येऊन राहिलाय. दहा पन्नास, दहा पंचावन्न, कधी अकरा."

"लाइट जात असेल."

"इन्व्हर्टर हाय की घरात. मीच बघितला. अन् नवा डबा लावला, त्याचाबी येतोय. मॅडम, खटका कुणीतरी हातानं बंद करतंय."

घरात दादांशिवाय कुणी नव्हतं. मी फोन ठेवला, कॉलेजात चार दिवसांची रजा टाकली आणि दुपारची लातूर गाडी धरली. लोह्याला गाडी बराच वेळ थांबली. कुणी चहाला उतरलं, कुणी ज्वारीच्या धाटांचा भारा टपावर चढवत होतं, आणि मी खिडकीत बसून स्वतःची समजूत घालत होते की वीज वाचवायला करत असतील, म्हाताऱ्या माणसांना सवय असते. पण वीज वाचवणारा माणूस ते कबूल करतो. आमचे दादा तर मिरवले असते.

घरी पोचले तर दादा ठणठणीत. दाढी केलेली, सदरा इस्त्रीचा, नळ आठ दिवसांनी आला म्हणून हौद भरून ठेवलेला. मला पाहून म्हणाले, "फॉल्ट बघायला आलीस व्हय? तू बघतीस म्हटल्यावर तो कशाला येतोय." मी हसले. मग हात धुवायला मोरीत गेले तर तिथं तीन पातेली पालथी घातलेली. तिन्हींची बुडं जळून कोळसा झालेली. घासघासून एकाचं कल्हई गेल्यासारखं तांबडं झालेलं होतं.

"ही पातेली कशानं जळली?"

"जुनी झाली ती," दादा म्हणाले. "दूध लागतं बुडाला."

दोन दिवस काहीच झालं नाही. अकरा वाजायचे, मी श्वास धरून बसायचे, डब्यावरचे हिरवे दिवे लुकलुकत राहायचे आणि दादा पेपरातलं काहीतरी वाचून दाखवायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी मला वाटलं, केबलवाल्याचंच काहीतरी चुकतंय. आपण उगीच बापावर संशय घेतला याची लाजही वाटली.

तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला दादांनी गॅसवर दूध ठेवलं आणि बैठकीत आले. मी पलंगाच्या कडेला बसून मोबाइलवर मैत्रिणीशी बोलत होते. दाराबाहेर ऊन नुसतं भाजत होतं, आभाळ कोरं होतं. दादा खिडकीशी जाऊन उभे राहिले. वर बघितलं. कान दिल्यासारखी मान तिरकी केली. मग खिडकीच्या दोन्ही फळ्या लावल्या, कडी घातली, डब्याकडे आले आणि खटका खाली केला. हिरवे दिवे एकदम विझले. हे सगळं त्यांनी घाईनं केलं नाही. सरावाचं काम करावं तसं केलं. मग माझ्यासमोर आले आणि माझ्या हातातला मोबाइल काढून घेऊन बंद केला.

"आभाळ आलंय," ते म्हणाले. "कानाला लावून बसू नको. किती डाव सांगायचं तुला."

माझ्याशी ते असं बोलत नाहीत. हा आवाज आईसाठीचा होता.

मी शाळेत असताना एकदा सकाळी अकराच्या सुमाराला वळवाच्या पावसात आई मावशीशी फोनवर बोलत होती. वीज खांबावर पडली आणि तारेतून घरात आली. आई फेकली गेली, जगली, पण उजवा कान कायमचा गेला. दादा त्या वेळी औशाला ड्युटीवर होते. आभाळ आलं की वायर काढून ठेवा, फोन उचलू नका, हे त्यांनी गावभर ज्याला त्याला सांगितलेलं होतं. घरी सांगायचं राहिलं. या गोष्टीवर ते पुढं कधी बोलले नाहीत, आणि आईही त्यांना कधी बोलली नाही. ती फक्त त्यांच्या उजव्या अंगाला बसायला लागली, म्हणजे तिचा चांगला कान त्यांच्याकडे राहायचा.

आता दादा माझ्या डाव्या अंगाला येऊन बसले. अंधाऱ्या खोलीत, हात मांडीवर ठेवून. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "गरजून राहिलंय अजून." मला काहीच ऐकू येत नव्हतं. स्वयंपाकघरातून दूध उतू गेल्याचा वास यायला लागला. मी उठून गॅस बंद करायला गेले तर त्यांनी माझं मनगट धरलं. "बस. जाऊ दे थोडं." हाताला जोर होता. मी मनगट सोडवून घेतलं, गॅस बंद केला आणि परत येऊन बसले. मी बापाला इतकी कधी भ्याले नव्हते. त्यांच्या खिशात त्यांचा फोन होता. बोलणं अर्धवट तुटलं आणि माझा मोबाइल लागेना, म्हणून मैत्रिणीनं दादांच्या नंबरवर फोन केला. तो वाजत राहिला, दादा नुसते बसून राहिले.

चाळीस मिनिटांनी ते उठले. खिडकी उघडली, उन्हाकडे बघून डोळे बारीक केले आणि खटका वर केला. दिवे एकेक करून लागेपर्यंत तिथंच उभे राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आलं बघ. कधी गेलतं? वेळ लिहून घेतलीस का?"

मी वेळ सांगितली. त्यांनी ती वहीत लिहिली.

संध्याकाळी चहा झाल्यावर त्यांनीच वही माझ्यापुढे ठेवली. खांब, जॉइंट, वायर, डबा, राउटर, ॲडॅप्टर, इन्व्हर्टर, सगळ्यांवर काट होती. सगळ्यात खाली 'खटका' लिहिलेलं, त्यावरही काट. त्याच्या खाली काही नव्हतं.

"आज तू बघितलंस," ते म्हणाले.

"उंदीर आहेत घरात," मी म्हणाले. "वायर हलते त्यानं."

"उंदीर घड्याळ बघून येत न्हाई, माय." त्यांनी वहीतल्या 'खटका'वर बोट ठेवलं. "मीच हाय ना?"

मी हो म्हणाले. तेवढ्यानं मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. दादांनी मला रडू दिलं. मग फॉल्टची चौकशी करावी तसं एकेक विचारत गेले. किती वेळ चालतं? मी काय करतो? शिव्या देतो का? कुणाला मारायला धावतो का? मी सगळं सांगितलं. खिडकी, खटका, दूध, मनगट. आईला फोन ठेवायला सांगता, हेही सांगितलं.

"म्हंजी तेवढा वेळ ती घरात असती," दादा म्हणाले.

"तुम्हाला तसं वाटतं, दादा."

"हाव, तेच म्हणलो मी." त्यांनी वही मिटली. "नेट गेलं. तह मोडायचा न्हाई, मी येतो. गॅसवर कधीतरी भलतंच व्हईल, हे मला कळतं. पण तुझं नांदेडचं घर तिनं बघितलेलंच न्हाई."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं नांदेडला आलो.

त्याला चार महिने झाले. खालच्या खोलीत दादा आहेत, डॉक्टरांची गोळी चालू आहे, स्वयंपाकघर वर आहे आणि नेट एकदाही गेलेलं नाही. दादा खातात, पितात, विचारलं तेवढं बोलतात. वही त्यांनी आणली नाही. मधे पंधरा दिवस पाऊस झाला, खऱ्या विजा कडाडल्या, तरी ते उठून खिडकीशी गेले नाहीत. डॉक्टर म्हणतात, गुण येतोय. सुट्टीच्या दिवशी अकरा वाजले की मी त्यांच्या उजव्या अंगाला जाऊन बसते, मोबाइल कानाला लावते आणि पलीकडे कुणी नसताना बोलत राहते. दादा समोरच्या भिंतीकडे बघत बसतात. फोन ठेव म्हणून अजून त्यांनी मला एकदाही सांगितलेलं नाही.