दादाला ऐकू आलेली सळसळ

अशा गोष्टी लिहिणारे सगळेच आधी सांगतात, की माझा भुताखेतांवर विश्वास नाही. माझा तर लोकांच्या कानांवरही नव्हता. चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत मी आवाज मोजायचं काम करते. वायपरची मोटर कुरकुरते का, दाराची काच वर जाताना घरघरते का, असलं सगळं. कुणी म्हटलं, "मॅडम, आवाज येतोय," की मी माइक लावते. ग्राफमध्ये दिसला तर आवाज आहे, नाहीतर नाही. विषय संपला.

हा अनुभव माझ्या मोठ्या भावाचा, मिलिंददादाचा. माझ्या डोळ्यांसमोर घडलेला.

दादा दुसऱ्या एका कंपनीत प्रेस शॉपला आहे. तिथे पत्रा ठोकून पार्ट काढतात. पायाखालची जमीन हादरते असा आवाज असतो. दिवसभर तो दणदणाट ऐकून आलेल्या माणसाने घरी शांत बसावं ना... पण दादाला गाण्याचं वेड. चिंचवडच्या त्याच्या छोट्याशा हॉलमध्ये कमरेएवढे दोन स्पीकर. वहिनी म्हणायची, "पाहुणे आले की यांना उचलून गॅलरीत ठेवू, की पाहुण्यांना?"

मग त्याला कमी ऐकू यायला लागलं. कुकरची शिट्टी कळेना. टीव्हीवर कुणी 'सात' म्हटलं की हा 'आठ' ऐकायचा. मी धरून डॉक्टरांकडे नेलं. ऑडिओमेट्री झाली. जाड, खालच्या पट्टीतले आवाज ठीक होते, पण वरच्या बारीक आवाजांना दोन्ही कान जवळजवळ गेलेले. डॉक्टर म्हणाले, "गेलं ते परत येणार नाही. पण आता मशीनपासून लांब राहिलात तर उरलेलं टिकेल."

दादाने तो रिपोर्ट जोडून कंपनीत अर्ज केला, की मला स्टोअरला टाका. साहेब म्हणाले, करू. सगळं सुरळीत चाललं होतं.

अशात एका गुरुवारी, म्हणजे आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यातल्या सुट्टीच्या दिवशी, दादाचा मित्र केदार आला. वाकडला राहतो, आयटीत आहे, त्या दिवशी घरून काम होतं. हाय-फायवाल्यांच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर यांची ओळख झालेली. नवीन अॅम्प्लिफायर घेऊन आला होता. "मिलिंदभाऊ, तुमच्या जुन्यात आणि ह्याच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे राव!"

मी दोन्ही मोजले. एकमेकांवर ठेवले तर एकच रेघ दिसेल असे ग्राफ आले. "काही फरक नाही," मी म्हटलं.

केदार हसला. "ग्राफला काय कळतंय गाणं?"

दादा मात्र गंभीर होता. "फरक आहे, सुजा. गाणं सारखंच आहे. पण ह्याच्या नव्यात एक बारीक सळसळ आहे. वाळलेल्या पानांवरून कुणी चाललंय अशी."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. बारीक सळसळ! जो आवाज जगातून त्याच्यासाठी पुसला गेला होता, नेमका तोच.

मग मी रीतसर टेस्ट घेतली. मीटर लावून दोन्हींचा आवाज सारखा केला. दोन्ही अॅम्प्लिफायर कपाटामागे ठेवले, मीही कपाटामागे. कुठला लावायचा ते नाणं उडवून ठरवायचं. वायर दर वेळी काढायची आणि परत लावायची, म्हणजे त्यावरून अंदाज नको. दादा आणि केदार पाठ करून सोफ्यावर.

केदारचं निम्मं बरोबर, निम्मं चूक. अंदाजपंचे.

दादा एकदाही चुकला नाही.

मी तोच तो परत लावला. "बदलला नाहीस," दादा म्हणाला. मी गाणं बदललं. तरी बरोबर. शेवटी मी काय केलं, तर स्पीकरच्या वायरीच काढून टाकल्या. हॉलमध्ये टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. काही न बोलता मी केदारचा अॅम्प्लिफायर चालू केला.

"गाणं बंद आहे," दादा म्हणाला. मग थोडं थांबून, "पण केदारचा चालू आहे."

बंद केला. "गेला."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "पुरे करा आता हे. मला भीती वाटतेय."

मी माझा सगळ्यात चांगला माइक त्या अॅम्प्लिफायरला टेकवून बघितला. सळसळ नव्हती. काहीच नव्हतं.

एवढ्यावर थांबलं असतं तर हा फक्त एक विचित्र किस्सा झाला असता. पण केदारचा मोबाइल सुरुवातीपासून रेकॉर्डिंग करत होता, हे आम्हाला ग्रुपवर व्हिडिओ आल्यावर कळलं. वर लिहिलेलं — 'कान असावेत तर आमच्या मिलिंदभाऊंसारखे!' त्याने कौतुकानेच टाकला. ग्रुपवरून तो कुठे कुठे गेला आणि तिथून दादाच्या कंपनीत पोचला.

अर्ज अडकला. मी रिपोर्ट घेऊन एचआरला भेटायला गेले. तिथल्या साहेबांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवून व्हिडिओ दाखवला.

"मॅडम, ही टेस्ट तुम्हीच घेतलीये ना?"

"हो, पण..."

"व्यवस्थित घेतलीये. आम्हाला यात काही चूक दिसत नाही."

"सर, त्याची ऑडिओमेट्री बघा ना."

"ऑडिओमेट्रीत आवाज आला की बटण दाबायचं असतं. नाही दाबलं की झाला बहिरा."

मग मी दादाची दुसरी तपासणी करून घेतली, बेरा. त्यात बटण नसतं. डोक्याला तारा लावून थेट मेंदूपर्यंत आवाज पोचतो का ते बघतात. खोटं बोलायची सोयच नाही. तिचाही निकाल तोच आला. साहेब म्हणाले, कमिटीपुढे ठेवतो.

केदारला फोन केला. म्हटलं, एवढं लिहून दे, की ती घरातली गंमत होती. तो म्हणाला, "सुजाताताई, जे डोळ्यांनी बघितलं ते खोटं होतं असं कसं लिहू? माझ्या तत्त्वात बसत नाही." जमीन-अस्मानाचा फरक सांगणारा माणूस! त्याची तत्त्वं जागी झाली ती नेमकी माझ्या भावाच्या वेळेला.

कमिटी बसेपर्यंत दादा प्रेसवरच होता. कानात बोळे घालून जायचा. त्या काळात त्याचं उरलंसुरलंही गेलं. आता कानाला ऐकायचं मशीन लावूनही समोर बसून, ओठ बघत बोलावं लागतं. मग कमिटीला पटलं. दादा स्टोअरला गेला. तिथे फार शांत असतं म्हणे. त्याला काय त्याचं!

ते काय होतं, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. कुणी म्हणालं जमिनीतून हादरा कळला असेल, कुणी म्हणालं माझ्या श्वासावरून ओळखलं असेल. बहिऱ्या माणसाने, पाठमोरं बसून, कपाटापलीकडून? मी त्या फरशीचाही हादरा मोजलाय. शून्य.

गेल्या महिन्यात मी धीर करून दादासमोर बसले. सावकाश म्हटलं, "दादा, एकदा परत करून बघूया का? फक्त तू आणि मी. मला कळायला हवंय."

त्याने माझे ओठ नीट वाचले.

"आणि परत बरोबर आलं तर?" तो म्हणाला. "परत प्रेसला पाठवतील गं."