सपरीचा उलटा खांब

आज दुपारचं सांगतो, निकाल तुम्ही द्या.

केशोरीजवळच्या आमच्या शेतावरच्या जुन्या घराची सपरी, म्हणजे पुढची ओसरी, मी नव्याने बांधून राहिलो. कारण तुम्हाला माहीत आहे. जिच्याशी लग्न करायचंय, तिच्या वडिलांनी मागे तोंडावर सांगितलं होतं, "अर्ध्यात कॉलेज सोडणाऱ्याले मी पोरगी देत नाही." म्हटलं, ठीक आहे, पूर्ण केलेलं काम दाखवतो.

आज शेवटचा सागाचा खांब उभा केला. छताचं वजन वरून येतं म्हणून जाड टोक वर ठेवलं. आमचे बाबूजी म्हणाले, "झाड उभं होतं तसाच खांब उभा करतेत. बुड खाली ठेव." माझं डोकं फिरलं. "मले शिकवू नका," असं ओरडलो.

तेवढ्यात मागून आवाज आला, "काऊन बापावर ओरडून राहिला बे?"

तिचे वडील. मोटरसायकल कधी आली, कळलंच नाही. त्यांनी खांबावर हात फिरवला. "उलटा हाय."

मी तरी अडूनच बसलो. "पडणार नाही, काका."

"पडन का नाही, तो सवालच नाही. उलट्या खांबाच्या घरात मी माही पोरगी धाडत नाही. सरळ कर."

चहा न घेता गेले. बाबूजी हसून म्हणाले, "आता तं ऐकशील?"

खांब उपटलाय. उद्या सकाळी सरळ बसतोय.

मित्रांनो, मागचा नकार कॉलेजवर होता, आजचा फक्त खांबावर आहे. याला होकारच म्हणतात ना?