चारच्या तीन

स्पष्टच लिहिते. माझ्या आईच्या गोळ्यांचा डोस डॉक्टरांनी ठरवला नाही, मी ठरवला. आणि तो चुकला.

आईला रक्ताचा कॅन्सर होता, हळू चालणारा. या प्रकारात रोज नेमाने गोळ्या घेतल्या तर माणूस वर्षानुवर्षं जगतं, नातवंडांच्या हळदीला नाचतं. आईला दिवसाला चार गोळ्या होत्या, दुपारच्या जेवणानंतर, तांब्याभर पाण्याबरोबर. पहिलं वर्ष रिपोर्ट सुंदर आले. पण सकाळी तिचे डोळे सुजून मिटलेले असायचे, पायात गोळे यायचे, आणि जिने जन्मभर सुके बोंबील खाल्ले तिला त्या वासाने उलटी व्हायला लागली.

खारघरच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी तिचा घोटा दाबून पाहिला. बोटाचा खड्डा तसाच राहिला. "चारच्या तीन करू," त्या म्हणाल्या. "यांच्या अंगाला चार जास्त होतात."

आता आमचं गाव समजून घ्या. उलव्याकडचं, खाडीकाठचं. शेती गेली, मिठागर गेलं, विमानतळासाठी टेकडी सपाट झाली. आणि प्रत्येक वेळी टेबलापलीकडचा माणूस गोड आवाजात म्हणाला, थोडं कमी करू. मोजणीत कमी, भूखंडात कमी, नोकऱ्यांत कमी. मी कॉलेजात असल्यापासून प्रकल्पग्रस्तांची पत्रकं लिहिते. आमच्यात पहिली शिकवण हीच, की टेबलापलीकडून 'कमी' ऐकू आलं की सही करायची नाही.

"स्टॉक संपलाय का?" मी विचारलं.

"स्टॉकचा काय संबंध?"

"मग सरकारी योजनेतली फुकट पेशंट म्हणून? पैसे भरून येणाऱ्या बाईच्या गोळ्या कापल्या असत्यात तुम्ही?"

"ताई, ऐका जरा. आजार दबला पाहिजे आणि माणसाला रोज घेता आलं पाहिजे, तो बरोबर डोस. रिपोर्ट चांगला आहे म्हणूनच तर मी..."

"लेखी द्या."

माझा आवाज चढला होता. रांगेतली माणसं दारातून डोकावू लागली. कुणीतरी म्हणालं, "बरोबर बोलते पोरगी." झालं, मला तेवढंच पुरे होतं. डॉक्टर दमल्या. आईकडे वळून म्हणाल्या, "मावशी, तुम्हीच सांगा. झेपतंय का?"

आईने पदर सारखा केला. "झेपतं ना. काय नाय मना."

चारच राहिल्या. रिक्षात आई म्हणाली, "काय गो बाय, डॉक्टरीनबायला पार गप केलंस." मला ते कौतुक वाटलं.

आणि महिन्याभरात सूज उतरली! डोळे उघडले, भूक आली, वासाची तक्रार गेली. पुढच्या भेटीत मी आईचा घोटा बोटाने दाबून डॉक्टरांना दाखवला. बघा म्हटलं. त्यांनी पाहिलं आणि चारचीच चिठ्ठी लिहिली.

मग तपासणीत आजार वर आला.

"गोळ्या चुकतात का?" डॉक्टरांनी विचारलं. आईला विचारलं होतं, उत्तर मी दिलं. "एकही नाही. आमच्या घरात तसलं चालत नाही." गोळी चुकत नाही आणि आजार वाढतो, म्हणजे गोळी लागू पडायची थांबली, असंच कुणीही समजेल. त्यांनी दुसरी दिली, पहिलीपेक्षा कडक. पुढचा रिपोर्ट त्याहून वाईट आला.

त्या दिवशी त्यांनी मला खाली एक्स-रे आणायला पाठवलं. परत आले तर आई रडत होती आणि डॉक्टरांनी तिचा हात धरला होता. आईने सगळं सांगून टाकलं होतं. मी घरी असले की चार गोळ्या, मी सभेला गेले की एकही नाही. आणि सभा तर माझ्या रोजच्या होत्या.

डॉक्टर माझ्यावर ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "रोज तीन पुरल्या असत्या," एवढंच म्हणाल्या. अधूनमधून चार घेतल्या की आजाराला उसंत मिळते, तो वाट शोधतो. त्याने शोधली होती. रक्त कच्च्या पेशींनी भरलं होतं, हळू चालणारा आजार आता धावत सुटला होता.

बाहेर बाकावर मी आईला विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तू यवरी भांडलीस माझ्यासाठी. सगल्यांसमोर. मंग मी कशी सांगू, मना चार नको म्हनून?"

"तीन घेतल्या असत्यास?"

"तीन घेतल्या असत्या गो."

डॉक्टरांवर माझा अजून राग आहे. त्यांनी मला पहिल्याच दिवशी केबिनबाहेर काढायला हवं होतं. ज्या बाईच्या पोटात गोळी जायची, तिला लेकीसमोर विचारून खरं कसं कळणार? पण रांग जिन्यापर्यंत होती आणि मी दारात पाय रोवून उभी होते. हक्क मागते आहे या भरात मी आईचं बोलणंच काढून घेतलं. आमच्याकडून जमीन घेतानाही आम्हाला कुणी विचारलं नव्हतं.

शेवटचे आठवडे ती वॉर्डात होती. आता गोळ्यांचा प्रश्न उरला नव्हता, फक्त दुखणं मारायचं इंजेक्शन. ते किती द्यायचं हे विचारायला डॉक्टर यायच्या. एका दुपारी आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. "मावशी, दुखतं का?"

आईने माझ्याकडे पाहिलं.

मी उठले आणि बाहेर गेले. दार पूर्ण लागलं नाही. मी भिंतीला टेकून उभी राहिले.

"जाम दुखतं गो," आई म्हणाली. मग कुठे कुठे ते सांगायला लागली. पाठीत, बरगडीखाली, कूस बदलताना. बराच वेळ सांगत होती. त्यातलं एकही दुखणं मला माहीत नव्हतं.