एका पायात बूट, एका पायात स्लीपर

मंडळात माझी दीक्षा झाली त्या शनिवारी संध्याकाळी मी एका पायात स्वतःचा काळा बूट आणि दुसऱ्यात मंडळाची निळी स्लीपर घालून वाशीहून सानपाड्याला घरी आलो. रिक्षावाल्यानं "काका, पायाला लागलंय का?" असं विचारलं, तेव्हाही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही.

मंडळ म्हणजे जुन्या वळणाची बंधूंची सभा. सगळे एकमेकांना 'बंधू' म्हणतात आणि आतलं बाहेर बोलत नाहीत. नव्या माणसाचे डोळे बांधतात, एक बूट काढून घेतात, एवढं आता जगाला ठाऊक आहे. पुढचं सांगणार नाही. शपथ घेतलीय.

पण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. आठवडाभर ऐकलेलं सगळं मी रविवारी जुईनगरला ताईकडे ओकून येतो. म्हणून मला मंडळात घ्यायला दोघा-तिघांचा विरोधच होता. शेजारचे भाईजान, मूळचे रायगडकडचे, मसाल्याचे व्यापारी, माझ्यासाठी उभे राहिले. "हा बोलणार नाही, माझी जबान आहे," असं त्यांनी भर सभेत सांगितलं. म्हणजे तोंड मी उघडणार आणि मान त्यांची खाली जाणार.

दार उघडून बायको माझ्या पायांकडे बघतच राहिली.

"बूट कुठाय?"

"आहे."

"आहे म्हणजे कुठे?"

"सुखरूप आहे."

"काढला कुणी?"

"ते सांगता येत नाही."

ती स्वयंपाकघरात गेली आणि नव्या कोऱ्या पातेल्यात शेवयांची खीर केली. खीर पुढ्यात आली की मी गुन्हे कबूल करतो, हे तिला पक्कं माहीत. तिसऱ्या वाटीला शब्द अगदी दातांपर्यंत आले होते. मग भाईजानांचा चेहरा आठवला आणि मी मुकाट्यानं काजू चावत बसलो.

सकाळी भाईजान पेपरात गुंडाळलेला बूट घेऊन हजर.

"वैनी, काय बोलला का हा?"

"एक अक्षर नाही."

भाईजानांनी मंडळाच्या रीतीनं माझा हात दाबला. कसा, ते विचारू नका. दहावी पास झालो तेव्हाही मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

ते गेल्यावर दोन्ही बूट चढवून मी ताईकडे निघालो. बायको दारापर्यंत आली.

"सतरा वर्षांत पहिल्यांदा तुमच्या पोटात काही राहिलं. मग आता सांगायला हरकत नाही. ताईंनी दिवाळीला दिलेली ती जांभळी साडी मी बोहारणीला घातली. कालचं पातेलं त्यातच आलं. या आता जाऊन जुईनगरला."